अग्निशामक पदासाठीची दृष्टिपात्रता (जळगाव व धुळे जिल्हे)

अग्निशामक पदासाठीची दृष्टिपात्रता म्हणजे अग्निशमन सेवेत भरती होऊ इच्छिणाऱ्या उमेदवाराच्या डोळ्यांबाबत ठरवून दिलेले किमान वैद्यकीय निकष होत. दूरची व जवळची दृष्टी, रंगदृष्टी, रात्रदृष्टी, दृष्टिक्षेत्र आणि दोन्ही डोळ्यांनी एकत्र पाहण्याची क्षमता यांचा त्यांत समावेश होतो. खानदेशातील जळगाव व धुळे जिल्ह्यांतील उमेदवार स्थानिक महानगरपालिका व नगरपरिषदा, राज्यातील इतर महानगरपालिका, तसेच केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाची अग्निशमन शाखा अशा वेगवेगळ्या सेवांसाठी अर्ज करतात. या सेवांचे निकष एकसारखे नाहीत. त्यामुळे एका भरतीत अपात्र ठरलेला उमेदवार दुसऱ्या भरतीत पात्र ठरू शकतो आणि याच्या उलटही घडू शकते.

वैद्यकीय तपासणी साधारणपणे निवडप्रक्रियेच्या शेवटच्या टप्प्यात होते. लेखी परीक्षा आणि मैदानी चाचणी उत्तीर्ण झाल्यानंतर केवळ दृष्टिदोषामुळे उमेदवार बाद होण्याचे प्रसंग त्यामुळेच उद्भवतात. तयारी सुरू करण्यापूर्वीच डोळ्यांची तपासणी करून घेतल्यास हे टाळता येते.

प्रशासकीय पार्श्वभूमी

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने संविधानात समाविष्ट झालेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हा विषय नगरपालिकांकडे सोपवण्याच्या विषयांमध्ये आहे. महाराष्ट्रात म्हणूनच शहरी अग्निशमन दले मुख्यतः महानगरपालिका व नगरपरिषदांच्या अखत्यारीत असतात. राज्य पातळीवर महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालय कार्यरत असून महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा या क्षेत्रातील प्रमुख कायदा आहे.

पूर्वीच्या खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम खानदेश असे विभाजन झाले. पुढे त्यांनाच अनुक्रमे जळगाव व धुळे जिल्हे ही नावे मिळाली. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा करण्यात आला. जळगाव व धुळे या दोन्ही शहरांत २००३ पासून महानगरपालिका आहेत. भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, चोपडा, पाचोरा, शिरपूर व दोंडाईचा ही या दोन जिल्ह्यांतील नगरपरिषदा असलेली काही गावे होत.

महानगरपालिकेतील पदांसाठी त्या महानगरपालिकेचे सेवाप्रवेश नियम लागू होतात. नगरपरिषदांमधील अग्निशमन अधिकाऱ्यांसाठी महाराष्ट्र नगरपरिषद अग्निशमन सेवा हा राज्यस्तरीय संवर्ग आहे. नगरपरिषद प्रशासन संचालनालयाच्या २०२३ च्या भरतीत एकूण १,७८२ पदांपैकी ३७२ पदे या संवर्गातील होती. जाहिरातींमध्ये पदाचे नाव कधी 'अग्निशामक', कधी 'फायरमन', तर कधी 'अग्निशमन विमोचक' असे येते. भारतीय सैन्यातील 'अग्निवीर' ही २०२२ पासूनची योजना असून अग्निशमन सेवेशी तिचा संबंध नाही.

बहुतेक नागरी भरतींसाठी राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा अग्निशामक पाठ्यक्रम किंवा त्याच्याशी समकक्ष पाठ्यक्रम पूर्ण केलेला असणे अपेक्षित असते. हे केंद्र मुंबईत सांताक्रूझ (पूर्व) येथे आहे. अधिकारी पदांसाठीचे पाठ्यक्रम नागपूर येथील राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयातही चालतात. प्रशिक्षणाच्या प्रवेशासाठीही शारीरिक निकष असतात. दृष्टीचा प्रश्न त्यामुळे प्रशिक्षणाला प्रवेश घेताना आणि प्रत्यक्ष भरतीच्या वेळी असा दोनदा येतो.

दृष्टी मोजण्याची पद्धत

दूरची दृष्टी मोजण्यासाठी डच नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये तयार केलेल्या अक्षरफलकाची पद्धत वापरली जाते. उमेदवाराला फलकापासून ६ मीटर अंतरावर उभे किंवा बसवले जाते आणि एक डोळा झाकून दुसऱ्या डोळ्याने अक्षरे वाचायला सांगितली जातात. निष्कर्ष अपूर्णांकाच्या रूपात लिहितात. वरचा अंक तपासणीचे अंतर दाखवतो. खालचा अंक, सामान्य दृष्टीच्या व्यक्तीला तीच ओळ किती मीटरवरून वाचता येते, हे दाखवतो.

* ६/६ : सामान्य दृष्टी.
* ६/९ : सामान्य व्यक्ती ९ मीटरवरून जे वाचते, ते वाचण्यासाठी ६ मीटरपर्यंत जवळ यावे लागते.
* ६/१२ : सामान्य व्यक्तीच्या तुलनेत निम्म्या अंतरावर यावे लागते.
* ६/६० : फलकावरील सर्वांत मोठे अक्षरच ६ मीटरवरून वाचता येते.

चष्म्याचा 'नंबर' आणि ६/६ सारखी नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नंबर हा भिंगाची शक्ती दाखवतो व तो डायॉप्टर या एककात असतो. दृष्टीची नोंद मात्र डोळ्याला प्रत्यक्षात किती स्पष्ट दिसते ते सांगते. लघुदृष्टी असलेल्या व्यक्तीत उणे अर्धा नंबर असता चष्म्याविना दृष्टी स्थूलमानाने ६/९ ते ६/१२, उणे एक असता ६/१८ च्या आसपास आणि उणे दोन असता ६/३६ किंवा त्याहून कमी असते. हे प्रमाण व्यक्तीनुसार बदलते. ज्या भरतीत चष्म्याविना ६/६ दृष्टी अपेक्षित आहे, तेथे अगदी लहान नंबरही अडथळा ठरू शकतो, हे यावरून लक्षात येते.

जवळच्या दृष्टीसाठी निरनिराळ्या आकारांतील छापील मजकूर वाचायला दिला जातो. श्वसनसंचाचा दाबमापक, औषधांची किंवा रसायनांची लेबले आणि नकाशे वाचण्यासाठी ही दृष्टी लागते.

निकषांमागील कारणे

दाट धुरात अग्निशामकाला बऱ्याचदा काहीच दिसत नाही. तेथे तो भिंतीला हात लावून, रांगत व स्पर्शाच्या आधारे पुढे जातो. अशा कामासाठी तीक्ष्ण दृष्टी कशाला हवी, असा प्रश्न त्यामुळे विचारला जातो. मात्र अग्निशामकाचे बरेचसे काम धुराच्या बाहेर किंवा विरळ धुरात चालते. खिडकीत अडकलेली व्यक्ती शोधणे, लोंबकळणारी वीजवाहिनी वेळीच दिसणे, भिंतीला गेलेला तडा ओळखणे आणि शिडीच्या टोकापासून सज्जापर्यंतचे अंतर अजमावणे ही सर्व कामे नजरेवर अवलंबून असतात. अंतराचा अचूक अंदाज येण्यासाठी दोन्ही डोळ्यांची एकत्रित दृष्टी महत्त्वाची असते.

चष्म्याबाबतची अडचण मुख्यतः श्वसनसंचाशी निगडित आहे. धुरात शिरताना अग्निशामक संपूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा लावतो. मुखवट्याची कड त्वचेला घट्ट चिकटली तरच बाहेरचा विषारी वायू आत येत नाही. नेहमीच्या चष्म्याच्या काड्या कानशिलावरून जात असल्याने ही कड तेथे उचलली जाते आणि मुखवटा गळू लागतो. शिवाय घाम व वाफेमुळे काचा धूसर होतात, चष्मा निसटण्याचीही शक्यता असते. मुखवट्याच्या आत बसवता येणारी काडीविरहित चौकट हा यावरील उपाय असून अनेक देशांत तो वापरात आहे.

रंगदृष्टी

रंगदृष्टीच्या चाचणीचा इतिहास रेल्वेशी जोडलेला आहे. स्वीडनमधील लागरलुंडा येथे १८७५ मध्ये झालेल्या रेल्वे अपघातानंतर शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्रिथिओफ होल्मग्रेन यांनी रंगीत लोकरीच्या लडी ओळखण्याची चाचणी रूढ केली. आज सर्वत्र वापरली जाणारी ठिपक्यांची चित्रे जपानी नेत्रतज्ज्ञ शिनोबू इशिहारा यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. भुसावळसारख्या मोठ्या रेल्वे केंद्रामुळे ही चाचणी खानदेशातील अनेक कुटुंबांना परिचित आहे. रेल्वेचालकांच्या भरतीत ती काटेकोरपणे घेतली जाते.

लाल-हिरव्या रंगांचा जन्मजात दोष क्ष-गुणसूत्राशी निगडित असल्याने तो स्त्रियांपेक्षा पुरुषांत कितीतरी अधिक आढळतो. आईकडून तो मुलाकडे येतो. आईला स्वतःला मात्र बहुधा तो दोष नसतो. दोष असलेल्या व्यक्तीला जन्मापासून जग तसेच दिसत असल्याने चाचणी होईपर्यंत अनेकांना त्याची जाणीवही नसते.

अग्निशमनात रंगांना व्यावहारिक अर्थ असतो. भारतीय प्रमाणानुसार औद्योगिक ऑक्सिजनचा सिलिंडर काळा, तर ॲसिटिलीनचा तपकिरी-लाल असतो. लाल रंगाची संवेदना क्षीण असलेल्या व्यक्तीला गडद लाल रंग जवळजवळ काळा भासू शकतो. आगीत सापडलेल्या वेल्डिंगच्या कार्यशाळेत हे दोन सिलिंडर ओळखण्यात झालेली चूक प्राणघातक ठरू शकते.

घातक मालाच्या टँकरवरील चौकोनी चिन्हांतही रंगांची भाषा असते. लाल रंग ज्वलनशीलता, पिवळा ऑक्सिडीकारक पदार्थ आणि हिरवा अज्वलनशील वायू दर्शवतो. निळा रंग पाण्याच्या संपर्कात धोकादायक ठरणारा पदार्थ सुचवतो, म्हणजेच तेथे पाण्याचा मारा करता कामा नये. चिन्हासोबत पदार्थाचा संयुक्त राष्ट्र क्रमांकही दिलेला असतो. उदाहरणार्थ, १२०३ हा क्रमांक पेट्रोलचा आहे. हा क्रमांक सुरक्षित अंतरावरून वाचता येणे हे दूरच्या दृष्टीचे काम आहे.

रात्रदृष्टी व दृष्टिक्षेत्र

उजेडातून अंधारात गेल्यावर डोळ्यांना पूर्णपणे जुळवून घेण्यास साधारण २० ते ३० मिनिटे लागतात. सर्वांनाच होणारी ही क्रिया रातांधळेपणात अपुरी राहते. 'अ' जीवनसत्त्वाची कमतरता हे त्याचे उपचाराने बरे होणारे कारण आहे. दृष्टिपटलाच्या काही आनुवंशिक विकारांतही रातांधळेपणा येतो व त्यांवरील उपचार मर्यादित आहेत. काचबिंदूसारख्या विकारांत नजरेचा परीघ आकसतो. समोरचे नीट दिसत असल्याने रुग्णाला ते उमगत नाही, परंतु बाजूने कोसळणारी वस्तू त्याच्या लक्षात येत नाही.

खानदेशातील परिस्थिती

खानदेश हा कापूस व केळीचा प्रदेश आहे. कापसाच्या जिनिंग कारखान्यांत व गोदामांत लागणाऱ्या आगी वरून विझल्यासारख्या दिसल्या तरी गाठींच्या आत धुमसत राहतात. अशा ठिकाणी धुराची बारीक रेघ किंवा ठिणगी दिसणे पुढच्या भडक्याला आळा घालते. जळगाव औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकच्या चटया व प्लास्टिक नळ्यांचे उत्पादन होते. प्लास्टिकच्या आगीत काळाकुट्ट दाट धूर निघतो व दृश्यमानता झपाट्याने घटते.

धुळे शहर मुंबई-आग्रा व सुरत-नागपूर या दोन महामार्गांच्या छेदावर वसले आहे, तर जळगाव सुरत-नागपूर मार्गावर आहे. इंधन व रसायनांच्या टँकरची वाहतूक या मार्गांवरून चालते. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी शिरपूर तालुक्यातील वाघाडी येथे एका रासायनिक कारखान्यात झालेल्या स्फोटात दहाहून अधिक व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. रसायनांचे धोके केवळ महानगरांपुरते मर्यादित नाहीत, हे या दुर्घटनेतून दिसून आले.

जळगाव व भुसावळ परिसरात उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. रणरणत्या उन्हातून अंधाऱ्या गोदामात शिरताना डोळ्यांपुढे काही क्षण अंधारी येते. अशा वेळी रात्रदृष्टीतील लहानसा दोषही जाणवतो. प्रखर ऊन व धूळ यांच्याशी दीर्घकाळ संबंध आलेल्या व्यक्तींमध्ये बुबुळावर मांस वाढण्याचा विकार अधिक आढळतो. ही वाढ बुबुळाच्या मध्याकडे सरकल्यास दृष्टी वक्र व अस्पष्ट होते. शेतात काम करणाऱ्या किंवा उघड्या मैदानावर सराव करणाऱ्या तरुणांनी कडेने झाकणारा उन्हाचा चष्मा व टोपी वापरणे त्यामुळे हितावह ठरते.

निरनिराळ्या भरतींतील निकष

महाराष्ट्रातील नागरी अग्निशमन दलांच्या जाहिरातींत उंची, वजन व छातीच्या मापांसोबत दृष्टीचीही अट असते. तिची नेमकी शब्दरचना त्या-त्या संस्थेच्या सेवाप्रवेश नियमांनुसार बदलते. 'दृष्टी सामान्य असावी' या शब्दांचा अर्थ चष्म्यासह की चष्म्याविना, हे जाहिरातीतून स्पष्ट होत नसल्यास संबंधित आस्थापना विभागाकडून लेखी खुलासा मागवणे योग्य असते.

केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या आरक्षक (अग्निशमन) पदासाठी अट स्पष्ट आहे. चष्म्याविना एका डोळ्याची दृष्टी किमान ६/६ व दुसऱ्याची ६/९ असावी लागते. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांनुसार उजव्या हाताने काम करणाऱ्याचा उजवा डोळा, तर डावखुऱ्याचा डावा डोळा हा अधिक चांगला डोळा असणे अपेक्षित आहे. तिरळेपणा व रंगदृष्टीतील दोष यांमुळे उमेदवार अपात्र ठरतो. २०२४ मध्ये या पदाच्या १,१३० जागांसाठी भरती जाहीर झाली होती. वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरलेल्या उमेदवारास पुनर्वैद्यकीय तपासणीची संधी दिली जाते.

अग्निशमन बंबाच्या चालक-यंत्रचालक पदासाठी अवजड वाहनाचा परवाना लागतो व त्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नमुना १-अ मध्ये वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावे लागते. जून २०२० च्या दुरुस्तीने सौम्य व मध्यम स्वरूपाचा रंगांधळेपणा असलेल्या व्यक्तींना वाहन परवाना मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. तथापि परवाना मिळणे आणि चालक पदाच्या भरतीत वैद्यकीयदृष्ट्या पात्र ठरणे या दोन स्वतंत्र बाबी आहेत.

अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेचे मानक वेगळ्या भूमिकेतून तयार झाले आहे. त्यात चष्मा किंवा भिंगासह दोन्ही डोळ्यांची एकत्रित दृष्टी सुमारे ६/१२ असणे पुरेसे मानले जाते. चष्मा वापरणाऱ्यांसाठी चष्म्याविना दृष्टीची मर्यादा सुमारे ६/३० आहे. चष्मा निखळला तरी अग्निशामकाला धोक्यातून बाहेर पडता यावे, हा या दुसऱ्या अटीमागील हेतू होय. मऊ स्पर्शभिंगे दीर्घकाळ विनातक्रार वापरणाऱ्यांना या दुसऱ्या अटीतून सूट मिळते.

उपचार व त्यांच्या मर्यादा

लेसर शस्त्रक्रियेने चष्म्याचा नंबर घालवता येतो. ती साधारणपणे १८ वर्षांनंतर व नंबर स्थिर झाल्यावर केली जाते. तथापि केंद्रीय सशस्त्र पोलीस दले तसेच रेल्वेतील गाडीचालकासारखी पदे यांमध्ये अशा शस्त्रक्रियेने सुधारलेली दृष्टी ग्राह्य धरली जात नाही. बुबुळाच्या तपासणीत शस्त्रक्रियेच्या खुणा ओळखता येतात. ज्या भरतीसाठी शस्त्रक्रिया करायची, त्या भरतीचे नियम आधी न वाचल्यास खर्च वाया जातोच, शिवाय पात्रताही कायमची गमावली जाऊ शकते.

डोळ्यांच्या व्यायामाने नंबर पूर्णपणे जातो, या दाव्याला वैज्ञानिक आधार नाही. जन्मजात रंगांधळेपणा बरा करणारा प्रस्थापित उपचार उपलब्ध नाही. रंगीत भिंगांमुळे काही रंगांतील फरक अधिक जाणवतो, पण रंगदृष्टी पूर्ववत होत नाही व भरतीच्या चाचणीत अशी भिंगे चालत नाहीत. इशिहारा चित्रांतील अंक पाठ करून चाचणी देणे ही फसवणूक तर आहेच, शिवाय त्यामुळे उमेदवाराच्या स्वतःच्या व सहकाऱ्यांच्या जिवाला पुढे धोका निर्माण होतो.

पूर्वतपासणी

लघुदृष्टी बहुधा शालेय वयात सुरू होते व शरीराची वाढ होत असेपर्यंत वाढू शकते. मुलांनी दिवसा मोकळ्या जागेत वेळ घालवल्यास ती सुरू होण्याचे प्रमाण घटते, असे संशोधनात आढळले आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत शाळा व अंगणवाड्यांतील मुलांची आरोग्य तपासणी होते व तीत दृष्टिदोषांचाही समावेश असतो.

दहावी-बारावीनंतर अग्निशमन सेवेचा विचार करणाऱ्या उमेदवाराने मैदानी सरावाला आरंभ करण्यापूर्वीच नेत्रतज्ज्ञाकडून प्रत्येक डोळ्याची चष्म्याविना दृष्टी, चष्म्याचा नंबर, जवळची दृष्टी, रंगदृष्टी व दृष्टिपटल यांची तपासणी करून लेखी अहवाल घ्यावा, असा सल्ला दिला जातो. केवळ चष्म्याच्या दुकानातील नंबर तपासणी त्यासाठी पुरेशी नसते. धुळे येथील श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांच्या रुग्णालयांत नेत्रविभाग आहेत.

कायदेशीर बाजू

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत अंधत्व व क्षीणदृष्टी यांचा समावेश आहे, रंगांधळेपणाचा मात्र नाही. या विषयावर सर्वोच्च न्यायालयाने अलीकडे महत्त्वाचे निर्णय दिले आहेत. पुण्यातील भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेत रंगांधळ्या विद्यार्थ्यांना काही पाठ्यक्रमांत प्रवेश नाकारला जात असे. २०२२ मध्ये न्यायालयाने ही सरसकट बंदी उठवली. २०२३ मध्ये तमिळनाडूतील वीज कंपनीने रंगांधळेपणामुळे नाकारलेल्या अभियंत्याला नियुक्ती देण्याचा आदेश न्यायालयाने दिला. पदाच्या प्रत्यक्ष कामाचा विचार करून शक्य ते वाजवी समायोजन करावे, हा या निर्णयांमागील विचार आहे. हे निर्णय आणीबाणीच्या सेवांतील निकष आपोआप रद्द करत नाहीत.

सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास याच अधिनियमाच्या कलम २० (४) खाली संरक्षण आहे. त्याला सेवेतून कमी करता येत नाही. मूळ काम करणे शक्य नसल्यास समान वेतनश्रेणीच्या दुसऱ्या पदावर त्याची नेमणूक करावी लागते. नियंत्रण कक्ष, साहित्य भांडार, अग्निप्रतिबंधक तपासणी व जनजागृती ही अग्निशमन दलातील अशी कामे होत. चाळिशीनंतर जवळचे अंधुक दिसू लागणे स्वाभाविक असल्याने सेवेतील अग्निशामकांचीही ठरावीक काळाने नेत्रतपासणी होणे आवश्यक मानले जाते.